उमरखेडच्या दोन खोल्या

मी वर्ध्याहून निघाले तेव्हा आईने भांड्यांची पेटी भरायला घेतली होती. बाबा रेल्वेत होते. ते गेल्यावर क्वार्टर सोडायला आम्हाला महिनाअखेरपर्यंतची मुदत मिळाली होती. उमरखेडच्या मुलींच्या शाळेने मुलाखतीला बोलावलं होतं, आणि पत्रात लिहिलं होतं की निवड झाल्यास राहायला दोन खोल्या मिळतील. ‘निवड झाल्यास’ हे शब्द आईच्या ध्यानात राहिले नसावेत. मीही ते तिला पुन्हा वाचून दाखवले नाहीत.

यवतमाळला एस.टी. बदलली. आर्णी मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना वेचणी संपलेल्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) उभ्या होत्या आणि मधूनच एखादा पळस, एकही पान नसलेला, नुसता लाल. शेजारच्या बाईने न विचारता आपली कोंबडी माझ्या मांडीवर ठेवली आणि स्वतः झोपी गेली. कोंबडीने माझं पातळ खराब केलं. बाईला उठवावं असं महागाव येईपर्यंत मनात होतं, पण उठवलं नाही.

उमरखेडला मुख्याध्यापिकाबाईंनी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. मग शाळेमागच्या खोल्या दाखवल्या. शेणाने नुकत्याच सारवलेल्या होत्या.

“आई झोपतील कुठे?” त्यांनी विचारलं.

“खिडकीखाली,” मी लगेच म्हणाले. इतकं लगेच मी कधी कुणाला उत्तर देत नाही.

त्या रात्री माझी सोय तिथेच केली होती. झोप लागेपर्यंत मी आईची बाज, बाबांचा फोटो आणि चूल यांच्या जागा ठरवून टाकल्या.

सकाळी दुसरी उमेदवार आली. तिचं नाव कमल. महागावजवळच्या खेड्यातली, सातवी पास. मी बी.ए. तिच्याकडे पाहून मला हायसं वाटलं, हे लिहायला लाज वाटते.

मी नद्यांवरचा पाठ तयार करून नेला होता. नकाशाही काढला होता. पण शाळेचे अध्यक्ष म्हणाले, “नद्या राहू द्या. तिसरीची औटकी घ्या.”

औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. नवे पैसे येऊन पाच वर्षं झाली तरी तिथे पावकी, निमकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मुलींकडून रोज म्हणून घेतात. माझ्या शाळेत हे नव्हतं. आम्ही पाढे इंग्रजीत म्हटले, तेही पूर्ण आकड्यांचे. मी फळ्याकडे वळले, साडेतीन लिहिले, त्याखाली सात लिहिले आणि गुणाकार मांडला. हातचा मांडते तोवर मागून आवाज आला, “साडेचोवीस, बाई!”

वर्ग हसला. अध्यक्षही हसले. “वा! पोरीच बाईले शिकवून राह्यल्या!”

माझ्यानंतर कमल उभी राहिली. तिने खडूला हात लावला नाही. ती एक ओळ म्हणे, मुली पुढची म्हणत. निकाल तिथेच झाला. मुख्याध्यापिकाबाई मला दारापर्यंत पोचवायला आल्या. म्हणाल्या, “तुमचं इंग्रजी चांगलं आहे हो. पण आपली शाळा चौथीपर्यंतच आहे.”

परतीच्या गाडीत कमल माझ्याच बाकावर येऊन बसली. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. महागावच्या अलीकडे गाडीचं चाक बसलं आणि सगळे उतरून लिंबाखाली गेले. ती तिथेही माझ्याजवळच आली.

“ताई, तुमाले पावकी बी येत नाई?”

“नाही.”

“मंग बजारात भाजी कशी घेता?”

“आई घेते.”

ती खळखळून हसली. मला राग आला, पण तिच्या हसण्यात टोचणी नव्हती. तिचे वडील बाजारात मापारी. धान्य मोजताना ते जे म्हणत, ते ऐकून ती शिकली होती. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, “त्या खोल्या पाह्यल्या का तुमी? मले दाखवल्याच नाई. कशा हायेत?”

मला वाटलं, सांगू नये. मग म्हणाले, “चांगल्या आहेत. बाज खिडकीखाली लावा. वारा येतो.”

“मायची बाज लावतो तिथं. तिले लई उकडते.”

मी सहसा कुणाकडे काही मागत नाही. त्या दुपारी मागितलं.

“औटकी म्हणता का? मी मागून म्हणते.”

ती म्हणू लागली. मी चुकत होते. बाजूला चिलीम ओढत बसलेल्या म्हाताऱ्याला राहवेना. “नऊ औटे किती, बाई?” माझं तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, “साडेएकतीस!” गाडीखालून ड्रायव्हर ओरडला, “जोरानं म्हना न! इकडं ऐकू येऊन नाई राह्यलं!”

महागावला कमल उतरली. मी पुढे एकटीच आले.

घरी आईने दार उघडलं. चहाचं पातेलं सोडून सगळी भांडी पेटीत गेली होती.

“खोल्या दुसरीला मिळाल्या,” मी म्हणाले. मुलाखतीत काय विचारलं, तेही सांगितलं.

आई पेटीवर बसली. “मला सगळे पाढे येतात गं,” ती म्हणाली. “पण तुझ्या बाबांना वाटायचं, घरात मराठी पाढे घुमले तर तुझं इंग्रजी बिघडेल. मी मनातल्या मनात म्हणायची.”

आता आम्ही मामांच्या पडवीत राहतो. मामी काही बोलत नाहीत, पण आई त्यांच्या आधी उठते आणि त्यांच्या नंतर जेवते. उमरखेडने मला शहाणं केलं, असं मी म्हणणार नाही. मला तिथे खोल्या हव्या होत्या. केळापूरकडच्या एका शाळेत जागा निघाली आहे, राहायची सोय नाही. तिथे अर्ज केला आहे.

रोज सकाळी मामांच्या दोन मुली पाढे म्हणतात आणि मी त्यांच्या मागून म्हणते. मी अडखळले की धाकटी हात वर करून मला थांबवते, पहिल्यापासून म्हणायला लावते, आणि मी पहिल्यापासून म्हणते.