गुरुजींच्या खणातले दोन प्रोसेसर

मी एका प्रोसेसरच्या पायांवर गरम लाख ओतली. पोलिसातल्या नोकरीत चुका पुष्कळ केल्या, पण शिक्का मारून केलेली ही एकच.

रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून दोन महागडे प्रोसेसर चोरीला गेले होते. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, बिस्किटाएवढी चकती. असे ताकदवान मेंदू बनवणाऱ्या दोन कंपन्यांमध्ये केवढी चुरस असते, हे मला नंतर कळलं. तेव्हा फिर्यादीतलं 'प्रोसेसर, नग दोन' एवढंच वाचून मी उठलो होतो.

संगणक दुरुस्तीच्या दुकानदाराला विचारलं, "संशयास्पद कोणी येतं का?"

"एक निवृत्त गुरुजी येतात हो. दर शनिवारी, जयगडच्या बाजूनं एसटीनं. घरी कॉम्प्युटर नाही. पण दोन कंपन्यांत सध्या पुढे कोण, एवढं विचारतात आणि जातात."

मला तेवढी खबर पुरली. दोन पंच घेऊन घर गाठलं. माणूस एकटा. मोरीत घासलेलं एकच ताट पालथं. कपाटाच्या खणात, कापसावर ठेवलेले दोन प्रोसेसर. लहान पिशवी नव्हती, म्हणून मी दोन्हींना नुसता दोरा गुंडाळला, गाठ खालच्या बाजूला घेतली आणि गाठीवर लाख ओतून शिक्का मारला. एकाला खाली शेकडो बारीक पाय होते. गुरुजी "अहो, अहो" म्हणत होते. आरोपी म्हणतातच.

ठाण्यात चार तास प्रश्न विचारले.

"कुठून आणलेत?"

"एक मुलानं दिला, एक मुलीनं. दोघं बंगळूरला, दोन वेगवेगळ्या कंपन्यांत. चाचणीत बाद झालेले आहेत, चालत नाहीत. आठवण म्हणून दिले."

"बिल?"

"मुलांनी दिलेल्या वस्तूचं बिल मागतात का?"

"मग दुकानात काय शोधत होतात?"

"कामाचं बोलायची दोघांना बंदी आहे. आपसांतही बोलत नाहीत. मी काय विचारणार? म्हणून दुकानात विचारतो. ज्याची कंपनी मागे पडली असेल, त्याला त्या दिवशी फोन करतो."

मी डायरीत लिहिलं, 'उडवाउडवीची उत्तरं'. कंपन्यांना पत्रं धाडतो म्हटल्यावर मात्र ते घाबरले. "तेवढं करू नका. दोन्हीकडचा माल एका घरात सापडला म्हणजे दोघांच्याही नोकऱ्या जातील."

मला वाटलं, पकडला. गुरुजींना रोज हजेरी लावायला सांगितलं आणि पत्र लिहायला बसलो. दोन दिवस इंग्रजी जुळेना. त्या मुलांच्या नोकऱ्या वाचल्या त्या माझ्या दक्षतेनं नव्हे, माझ्या इंग्रजीनं.

तिसऱ्या दिवशी मुद्देमाल ओळखायला दुकानदाराला बोलावलं. त्यानं लाखेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"साहेब, फिर्याद पुरती वाचलीत का? कॉलेजचे दोन्ही एकाच कंपनीचे. हे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे. ह्याला पाय आहेत, त्याला नाहीत. एकाच्या जागी दुसरा बसतसुद्धा नाही. आणि कॉलेजचे म्हणाल, तर तिथला लॅब असिस्टंटच दोन विकायला आला होता. मी नाही घेतले."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही संशयास्पद माणूस विचारलात. तो गळ्यात ओळखपत्र घालून आला होता."

असिस्टंटनं अर्ध्या तासात कबुली दिली. कंपनीचं नाव फिर्यादीत दुसऱ्याच ओळीत होतं.

गुरुजींचा माल परत करायला मी स्वतः गेलो. लाख खरवडताना पायांची एक अख्खी रांग मोडली होती. "मुलीचा," ते एवढंच म्हणाले, आणि कापसावर ठेवून त्यांनी खण लावला. मी माफी मागितली नाही. वर्दीत ती सवय राहत नाही.

आता वर्दी नाही. पत्नी गेली, मुलगा कॅनडात. ह्या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच, की एकटा माणूस दिसला की मी आधी संशय घ्यायचो. हल्ली मी एकट्यापुरते चार बांगडे मागतो, तेव्हा मासेवालीही माझ्याकडे तसंच बघते.

रविवारी मी गुरुजींकडे जातो. आम्ही ओटीवर बसून बंदरातल्या क्रेन बघतो. माफी मागितली, पण फार उशिरा. गेल्या खेपेला मी तक्रार केली, "मुलाचा फोन दोन मिनिटांत संपतो हो. बोलायलाच काही नसतं."

गुरुजी चहा गाळत होते. मान वर न करता म्हणाले, "साहेब, मला चार तास प्रश्न विचारलेत. मुलाला 'जेवलास का'च्या पुढे एकही सुचत नाही होय तुम्हाला?"