काकूच्या मागच्या भिंतीची पाहणी

घरकुलाच्या पाहणीला साहेब येणार म्हणून माझ्या चुलतीनं घर सारवलं, आणि माझं डोकं फिरलं.

आधी भिंतीचं सांगतो. काकूचं घर आमच्या गावात, घोडेगावहून डोंगराकडं जाणाऱ्या एसटीच्या रस्त्यावर. चुलते जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी राजुरीला दिलेली, त्यामुळं घरात काकू एकटीच. मागची भिंत दगडमातीची. ती चुलत्यांनी गवंडी न लावता स्वतःच्या हातानं बांधली, हे आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावं लागतं. गेल्या काही पावसाळ्यांत त्या भिंतीला पोट आलं. काकूची खाट नेमकी त्याच भिंतीला लागून. मी म्हणायचो, खाट तरी हलव. ती म्हणायची, "त्यांनी बांधलीय, माझ्या अंगावर कशी पडंल?" अशा बाईपुढं काय बोलणार, कप्पाळ. घोडेगावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाऊस वाढला की माझं कामात लक्ष लागायचं नाही.

शेवटी ग्रामसभेत मीच उठून घरकुलासाठी तिचं नाव लावून घेतलं. पंचायत समितीचा माणूस येणार, घर खरंच कच्चं आहे का ते बघणार, मोबाईलवर फोटो काढणार, मग पुढचं. मी काकूला बजावलं, कशाला हात लावू नकोस, आहे तसं दिसू दे. ती हो म्हणाली. मला तिथंच संशय यायला हवा होता, कारण काकू सहसा कशालाच हो म्हणत नाही.

आमच्या आळीत एक पद्धत आहे. कुणाच्या पोरीला बघायला पाहुणे येणार असले की त्या घराची अब्रू ती सगळ्या आळीची अब्रू. कपबश्या एकीच्या, खुर्च्या दुसरीच्या, पाहुणे गेले की ज्याचं त्याला परत. काकूकडं साहेब येणार म्हटल्यावर आळीनं तेच केलं. मी पोचलो तेव्हा दाराला आंब्याचं तोरण, आत शेजारचा सोफा, त्यापुढं टीपॉय, कोपऱ्यात फ्रिज. फ्रिज बंद होता, कारण त्या कोपऱ्यात बोर्डच नाही, पण शोभतो म्हणून आणलेला. एकीनं आपल्या दिराची नवी मोटारसायकल अंगणात लावली होती. दार भुंडं दिसत होतं म्हणे. भिंतीच्या पोटावर खिळे मारून मोराची चादर लावली होती.

"काकू, हे काय चाललंय?"

"पावणं येणार. घाणीत बसवू का त्यांला?"

मी सगळं परत न्यायला लावतोय तेवढ्यात साहेब दारात. तरुण पोरगा, सकाळपासून डोंगरातली गावं करून दमलेला. सोफ्यावर बसला, पोहे खाल्ले. "मावशी, घर छान ठेवलंय तुम्ही," म्हणाला. काकूचा चेहरा खुलला. दारातल्या बायकाही खूष झाल्या. साहेब मोबाईलमध्ये काहीतरी भरायला लागला. काकूचं घरकुल पोह्यांबरोबर संपलं, हे मला समोर दिसत होतं.

मी उठलो आणि चादर ओढली. खिळ्यांबरोबर घमेलंभर माती खाली आली. मी सांगितलं, सोफा शेजारचा, फ्रिज समोरच्यांचा, आणि गाडीचं म्हणाल तर हिला सायकलसुद्धा येत नाही. साहेबानं भिंत चाचपली, मग माझ्याकडं बघितलं, मग सोफ्याकडं. "आता कुणाचं खरं धरायचं तेच मला कळेना," तो म्हणाला. "मावशी, राहता तुम्ही. ही भिंत टिकंल का पडंल, तुम्हीच सांगा."

आता ही चुलत्यांच्या कसबाचं पुराण लावणार आणि सगळं धुळीला मिळणार. काकूनं पदर सारखा केला.

"पडंल," ती म्हणाली. "बांधतानाच चुकली. पाया नीट घेतला न्हाई त्यांनी."

साहेबानं फोटो काढला. फोटोसाठी माणसाला घरापाशी उभं राहावं लागतं, तशी ती भिंतीपाशी उभी राहिली, खाली बघत. मला मात्र आनंद झाला, खोटं कशाला सांगू. शिव्या घालत घालत मी सोफा पोचवून आलो.

घरकुल मंजूर झालं. जुनं पाडून त्याच जागी नवं बांधायचं. आळी अरुंद, जेसीबी आत शिरेना, म्हणून दोन गडी पहारी घेऊन आले. मी त्यांना सांगितलं, मागच्या भिंतीला जपून, हात लावला की खाली येईल. पोट आलेला वरचा भाग खरंच पहिल्या घावाला ढासळला, नेमका खाटेच्या जागेवर. बाकीच्या भिंती दुपारपर्यंत आडव्या झाल्या. मागच्या भिंतीचा खालचा भाग मात्र हलेना. गडी घामाघूम झाले. त्यातला एक पहार टेकून म्हणाला, "भाऊ, पाया लई खोल घेतलाय राव. कुनी बांधली व्हती?"

काकू समोरच्या ओट्यावर बसून बघत होती. मी तिच्यासाठी पाणी घेऊन गेलो.

"ऐकलंस?" तिनं विचारलं.

"वरचा भाग कसा पडला ते बघितलंस ना? तू खाली झोपत होतीस."

"पायाचं इचारते मी," ती म्हणाली. "समद्या आळीसमोर मी त्यांना अडानी ठरवलं. हयात असते तर माझी जीभ रेटली असती का?"

"घर मिळालं ना, काकू."

"मिळालं की." तिनं पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला. "आता तू जा दुकानावर."