पोटाखालून घेतलेला पट्टा

दोनदा दवाखान्यातून रिकाम्या हाताने घरी परतल्यावर देवापुढे बसायची माझी इच्छाच उरली नव्हती. तिसऱ्यांदा दिवस गेले, सातवा महिना लागला, तरी मी देवीकडे काही मागितले नाही. मागायचे आणि पुन्हा गमवायचे, याचीच धास्ती होती. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. यजमान मसाटच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते आणि आम्ही सिल्वासात डोकमर्डीला राहत होतो.

त्या सकाळी तपासणीसाठी आम्ही आमच्या गाडीने वापीला निघालो. वाटेत देवीच्या देवळापाशी यजमान थांबले. "तू बस, मी हात जोडून येतो," म्हणाले. मी गाडीतच राहिले. सीट बेल्ट पोटावर दाबेल, बाळाला इजा होईल, म्हणून मी तो लावलाच नव्हता.

देवळातून एक वयस्कर गुजराती बाई बाहेर आल्या. खिडकीतून माझ्या हातावर प्रसादाचे साखरफुटाणे ठेवताना न लावलेल्या पट्ट्याकडे त्यांचे लक्ष गेले. "बेटा, पट्टो केम नथी बांध्यो?" मी कारण सांगितले, तशा त्या हसल्या. "माझ्या दीकरीच्या डिलिव्हरीला मी फॉरेनला गेली होती. तिकडे नर्सने दाखवलेला. थांब."

दार उघडून त्यांनी पट्ट्याचा पीळ सोडवला. खालचा पट्टा पोटाच्या खालून, कमरेच्या हाडांवर घट्ट बसवला. वरचा खांद्यावरून, छातीच्या मधून, पोटाच्या कडेने घेतला. "पोटावर कधी नाही. आणि ढिला पण नाही." तेवढ्यात यजमान आले. "भाई, तमे पण," त्या म्हणाल्या. यजमानांनीही लगेच पट्टा लावला.

वापीच्या अलीकडे पुढचा ट्रक एकाएकी थांबला. यजमानांनी करकचून ब्रेक दाबला, तरी गाडी त्याच्यावर आदळलीच. मी पुढे फेकली जाणार, तोच पट्ट्याने मला कमरेशी आणि खांद्याशी धरून ठेवले. काचेचे तुकडे मांडीवर पडले. "तुला लागलं का गं?" यजमान पुन्हा पुन्हा विचारत होते. मी दोन्ही हात पोटावर धरले. पोटात हालचालच जाणवत नव्हती.

रिक्षाने दवाखान्यात जाताना इतक्या महिन्यांत प्रथमच माझ्या तोंडून निघाले, "आई, आता तूच बघ." डॉक्टरीणबाई पोटाला नळी लावून कितीतरी वेळ ऐकत राहिल्या. मग मान वर करून म्हणाल्या, "ठोके आहेत. अगदी छान आहेत." मी हुंदके देऊन रडले. खांद्यावर पट्ट्याचा काळानिळा वळ उमटला होता. तो पाहून त्या म्हणाल्या, "नीट लावला होतात म्हणून निभावलं."

पुरे दिवस भरून मुलगी झाली. तिला घेऊन आम्ही त्या देवळात गेलो, पण त्या बाई पुन्हा भेटल्या नाहीत. त्यांचे नावही मी विचारले नव्हते. त्या कोण होत्या, हे मी कुणाला पटवायला जात नाही. लेकीचे बाळंतपण करून आलेली एक आई माझ्यासाठी वाकली, एवढे मला पुरते.

शरण जायचे म्हणजे सगळे सोडून स्वस्थ बसायचे, असे मला वाटे. आता वाटते, आपल्याला जपायला कुणाचा हात पुढे आला, तर अंग न चोरता त्याला जपू द्यावे. त्या सकाळी माझ्याकडून तेवढेच झाले, आणि देवीने तेवढेही गोड मानून घेतले.