टंच न काढलेली अळंबी

माझी बायको सुनंदा गेली तो गुरुवार होता. सकाळी तिनं ओपीडीचे केसपेपर नंबराप्रमाणे लावले. साडेअकराला ती जिन्यात बसली. साडेबाराला हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. मीही डॉक्टर आहे, त्यामुळे त्यांना फार बोलावं लागलं नाही.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या स्मरणार्थ केलेल्या बौद्ध विधीला, पेशंटही आले होते. कार्यक्रम संपल्यावर हुपरीचा एकजण माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "डॉक्टर, वैनींची ती अळंबीची गोष्ट कुठंतरी लिवून ठेवा. माझं नाव तेवढं बदला." मला लिहायला वर्ष लागलं. त्याचं नाव इथे तानाजी ठेवतो.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. खाली ओपीडी, वर घर. ओपीडीत तिघंच होतो. मी, रिसेप्शनला सुनंदा, आणि आनंदा नावाचा कंपाउंडर, जो वयानं माझ्यापेक्षा मोठा आहे आणि कुणाचंच ऐकत नाही.

तानाजी घरच्या कारखान्यात चांदीचे पैंजण करतो. त्याला बायपोलर आजार आहे. म्हणजे मन कधी महिना महिना खाली बसतं, तर कधी इतकं वर चढतं की झोप नको, जेवण नको, आणि आपल्याला काही झालंय हे पटायलाच नको. या चढण्याला आम्ही मॅनिया म्हणतो. या गोष्टीच्या आठ वर्षं आधी मॅनियात त्यानं एका सकाळी गल्लीतल्या अकरा म्हशींच्या पायांत गिऱ्हाइकांच्या ऑर्डरचे पैंजण घातले. मापात बसावेत म्हणून दोन-दोन जोडून त्यांना डाग दिले होते. डाग देणं म्हणजे चांदीचा सांधा तापवून जोडणं. पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून मिरवतात, त्यामुळे लोकांनी आधी कौतुक केलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, दिवाळीला अजून चार महिने आहेत. दहा म्हशींनी पैंजण परत दिले. अकरावीनं आठवडाभर कुणाला पायाजवळ येऊ दिलं नाही. सांधे मात्र सुबक होते, असं तिचा मालकही म्हणाला.

तेव्हापासून तो लिथियमवर होता. लिथियम हे एक प्रकारचं मीठच. रक्तात ते ठरावीक प्रमाणात राहिलं तर मन जमिनीवर राहतं. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर विषारी. म्हणून मधूनमधून रक्त तपासतात. त्याला लिथियम लेव्हल म्हणतात. आठ वर्षं तानाजीची लेव्हल बरोबर होती आणि म्हशी मोकळ्या पायांनी फिरत होत्या.

मग एका श्रावणी सोमवारी तो आत आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "गोळ्या बंद केल्यात. पाच दिवस झालं."

त्याच्या मागे त्याचा मेव्हणा सुभाष होता. सुभाषच्या हातात स्टीलचा डबा होता. चंदगडच्या पलीकडे, गोव्याच्या रस्त्याला सुभाषचा होमस्टे आहे. तिथे उतरलेल्या कुणा प्रवाशानं त्याला सांगितलं होतं की एक विशिष्ट अळंबी एकदा खाल्ली की डोक्याचं कुठलंच औषध जन्मात लागत नाही. फक्त आधीच्या गोळ्या सोडायच्या. जाताना तो थोडी वाळलेली अळंबी देऊनही गेला. सुभाषनं ती डब्यात भरून दाजींच्या घरी हुपरीला पोचवली होती आणि आता माझी परवानगी घ्यायला दोघं आले होते.

"तो डॉक्टर होता का?" मी विचारलं.

"न्हाय," सुभाष म्हणाला. "पण केसं लई लांब हुती की त्येची."

मी हसलो नाही. हल्ली अळंबीचा हा प्रश्न बरेचजण विचारतात आणि तो हसण्यावारी नेला की माणूस आपल्याला न सांगता खातो. मी त्यांना नीट सांगितलं. डोळ्यांना, कानांना, काळाच्या भानालाच वेगळं वळण लावणाऱ्या द्रव्यांना सायकेडेलिक म्हणतात. काही जातींच्या अळंब्यांत असं द्रव्य असतं. डिप्रेशनवर त्याचा उपयोग होतो का, यावर परदेशात संशोधन चालू आहे आणि ते पोकळ नाही. पण तिथे माणूस पारखून घेतात, डोस मोजून देतात, आणि शेजारी जाणकार बसलेला असतो. पारखताना बायपोलरच्या आणि स्किझोफ्रेनियाच्या पेशंटना बहुतेक वेळा बाहेरच ठेवतात. कारण अशा माणसाचा मॅनिया त्यानं उठू शकतो, किंवा भास सुरू होतात आणि नशा उतरली तरी भास उतरत नाहीत. त्यात अंगात लिथियम असेल तर फिट येण्याची भीती. त्या भीतीनं लिथियम सोडलं तर मॅनिया आपल्या पायानं चालत येतो. रानातली जात ओळखण्यात चूक झाली तर लिव्हरच जातं. शिवाय ही वस्तू जवळ बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे.

तानाजीनं सगळं मन लावून ऐकलं. मग म्हणाला, "पटलं, डॉक्टर. पण गोळी न्हाय घेत मी."

का, ते सांगेना. मांडीवर हात ठेवून बसला. पाच दिवस झाले होते. अजून तो शांत होता, पण रात्री तीनच तास झोप लागते म्हणाला. मला त्या तीन तासांची काळजी वाटली. मी एवढंच मागितलं, डबा माझ्याकडे ठेव, आता जाऊन रक्त दे, आणि दुपारी परत ये. तो कबूल झाला. डबा घेऊन मी तो सवयीनं दाराजवळच्या स्टुलावर ठेवला.

चूक झाली ती इथे.

आमच्याकडे पेशंट रिकाम्या हातानं येत नाहीत. काकवी, शेंगा, दही, चंदगडचे काजू, काहीतरी असतंच. ते सगळं त्या स्टुलावर ठेवायचं. आनंदा झाकणावर चिठ्ठी लावून डबा वर नेतो. आलेली वस्तू त्याच दिवशी खायची आणि डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे सुनंदाचे दोन नियम. मी दुसऱ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात एक पेशंट बघायला गेलो. आनंदानं आपलं काम केलं. सुनंदानं वाळलेली अळंबी बघितली, खूश झाली आणि भिजत घातली. आमच्या घरी श्रावण नसतो, पण येणाऱ्यांचा असतो, म्हणून सोमवारी मटण नाही. मटणाच्याच मसाल्यात तिनं अळंबीचा तांबडा रस्सा केला.

मी परत आलो तेव्हा पंगत उठत होती. रक्त देऊन आलेल्या दोघांनाही तिनं वर बोलावलं होतं. तानाजीचा उपवास होता, तो शेंगदाणे खात बसला होता. सुभाषनं तीनदा रस्सा घेतला होता, सुनंदा आणि आनंदाही तोच जेवले होते.

"वैनी, सुक्या वांग्याचा रस्सा म्हंजे नाद खुळा," तो बोटं चाटत म्हणाला.

"वांगं नाही हो. तुमच्याकडचीच अळंबी आहे," सुनंदा म्हणाली.

सुभाषचं बोट तोंडातच राहिलं. ओट्यावर उघडा डबा होता. तो मी, सुभाष आणि तानाजीनं एकाच वेळी बघितला.

"डॉक्टर," तो हळूच म्हणाला, "नळी घालून भाईर काढता येतंय का हे?"

सकाळी हाच माणूस मला सांगत होता की ही वस्तू निसर्गाची देणगी आहे.

डब्यात काय होतं, त्यानं काय होऊ शकतं आणि ते बाळगणंही गुन्हा आहे, हे मी सुनंदाला आणि आनंदाला सांगितलं. भासांपेक्षा मला लिव्हरची भीती होती. मी माझ्या फिजिशियन मित्राला फोन केला. तो म्हणाला, तिघांना घेऊन ये, डब्यात तुकडा उरला असेल तर तोही आण. तुकडा उरला नव्हता. सुनंदा काही उरवत नसे. ती म्हणाली, "बाळगणं गुन्हा आहे म्हणता ना? मग आता आपण बाळगत तरी नाही."

तेवढ्यात आनंदा भिंतीला टेकून खाली बसला. त्याला भिंत श्वास घेताना दिसत होती. सुभाषलाही लगेच दिसायला लागली. कॅलेंडरवरची गाय आपल्याकडे बघून मान हलवते आहे, असं तो म्हणाला. आनंदा म्हणाला, मान नाही, शेपूट हलवते आहे. त्यावरून दोघांची तिथेच जुंपली. मी दोघांच्या बाहुल्या बघितल्या, नाडी बघितली. नाडी वाढली होती, पण ती भांडणानंही वाढते. सुनंदा खुर्चीत ताठ बसून भिंतीकडे बघत होती. पाच मिनिटांनी ती म्हणाली, "अहो, मला काहीच दिसत नाही. मला कमी आलं वाटतं."

मी गाडीची किल्ली शोधत होतो. तानाजीनं बायकोला, शोभाला, म्हणजे सुभाषच्या बहिणीला फोन लावला. तुझ्या भावाला दवाखान्यात न्यावं लागतंय, त्यानं ती अळंबी खाल्ली, असं त्यानं सांगितलं. फोन स्पीकरवर होता.

"खाऊ दे की," शोभा म्हणाली.

"अगं, ती म्हंजे ती—"

"ती मी कवाच चुलीत घातली. डब्यात बचतगटाची ढिंगरी हाय. हळदीकुंकवाला मिळाली हुती."

ढिंगरी म्हणजे बाजारात मिळणारी साधी, खायची अळंबी. मी फोन घेतला आणि पाकीट आहे का विचारलं. तिनं पाकिटाचा फोटो पाठवला. त्यावर बचतगटाचं नाव होतं आणि भाजीची कृतीसुद्धा. तिनं आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

"सांगिटलं असतं तर आमच्या भावानं दुसरी आणली असती. लई हुशार हाय त्यो."

फिजिशियन मित्राला मी फोटो पाठवला. तो आधी पोटभर हसला आणि मग म्हणाला, तरी संध्याकाळपर्यंत तिघांवर लक्ष ठेव. ठेवलं. गाय आधीच थांबली होती. भिंतीनं शोभाचं चुलीचं वाक्य संपायच्या आत श्वास घेणं बंद केलं. आनंदा आजही म्हणतो की ढिंगरी असो नाहीतर काही असो, आपल्याला दिसलं ते दिसलं. मनाला काय दिसणार हे आधी सांगून ठेवलं की ते बरंचसं दिसतं. आमच्या धंद्यात हे रोज बघायला मिळतं, फक्त कंपाउंडरमध्ये बघितलं नव्हतं.

तानाजीनं मात्र ओट्यावरचा रिकामा डबा हातात घेतला. तो म्हणाला, "डॉक्टर, मी टंच काढल्याबिगार कुणाची चांदी घेत न्हाय. सख्ख्या भावाची बी न्हाय." टंच काढणं म्हणजे चांदीत खरी चांदी किती, ते तपासून घेणं. "आनि हे मी तोंडात घालणार हुतो. डब्यात काय हाय ते आणणाऱ्याला म्हाईत न्हाय, मला म्हाईत न्हाय, तुमाला बी म्हाईत न्हाय."

"शोभाला माहीत होतं," सुनंदा म्हणाली. मग तिनं त्याला विचारलं, "तानाजीराव, गोळी का सोडली?"

मी हा प्रश्न सकाळी विचारला होता. तिला उत्तर मिळालं. त्यानं दोन्ही हात पुढे केले. बोटं बारीक थरथरत होती.

"वैनी, घुंगराला डाग देताना सांधा चुकतोय. दोन वर्सं झाली. पोरगं म्हणतंय, पप्पा, तुमी बसा, मी करतो."

लिथियमनं हात थरथरतो, हे कुठल्याही पुस्तकात आहे. मी आठ वर्षं त्याची झोप विचारली, भूक विचारली, लेव्हल बघितली. ज्या हातांवर त्याचं घर चालतं, ते हात मी टेबलावर ठेवायला सांगितले नव्हते. लांब केसांच्या माणसानं त्याला निदान आशा दिली होती. मी तेवढंही केलं नव्हतं.

मी त्याला सांगितलं की थरथरीवर उपाय आहे. लेव्हल बघून डोस थोडा खाली आणता येतो, थरथर आवरायला दुसरी एक गोळी मिळते, आणि एवढं करूनही जमलं नाही तर लिथियमऐवजी दुसरं औषध हळूहळू लावता येतं. पण या सगळ्याला वेळ लागतो आणि आज गोळी सुरू करावी लागते.

त्यानं हात मागे घेतले आणि शेंगदाणे बाजूला सारले. मग म्हणाला, "उपासाला चालती का?"

"मीठच आहे ते," सुनंदा म्हणाली. "सैंधव चालतं ना तुम्हाला? मग हेही चालतं."

मी दुरुस्ती न करता गोळी आणि पाणी पुढे केलं. त्यानं गोळी घेतली.

संध्याकाळी रिपोर्ट आला. लेव्हल घसरली होती. पुढचे दहा दिवस मी त्याला रोज फोन करून झोप विचारली. तीनचे चार तास झाले, मग सहा. महिन्याभरानं त्यानं एक घुंगरू आणून टेबलावर ठेवलं. थरथर पूर्ण गेली नव्हती, पण सांधा सरळ होता. हुपरीच्या म्हशींना काही झालं नाही. सुभाष अजून होमस्टे चालवतो आणि पाहुण्यांनी काहीही दिलं तरी आधी बहिणीला फोटो पाठवतो.

धोका तोलायचा तर आधी पारड्यात काय ठेवलंय ते माहीत हवं. आणि पेशंट औषध सोडतो तेव्हा त्यानं काय खाल्लं, हे विचारण्याआधी त्याचं काय अडलं होतं, ते विचारावं. हे मला पुस्तकानं शिकवायला हवं होतं. शिकवलं रिसेप्शननं. आता मी प्रत्येकाला हात पुढे करायला सांगतो.

तानाजीचा डबा परत द्यायचा राहिला. शंकरपाळी करून भरून देते, असं सुनंदा म्हणाली होती. मग दिवाळी गेली, मग घाई झाली, मग तो गुरुवार आला. डबा आमच्या स्वयंपाकघरात आहे. झाकणावरची आनंदाची चिठ्ठी निघून आली म्हणून सुनंदानं दुसरी लावली होती, त्यावर तिच्या अक्षरात तानाजीचं खरं नाव आहे. मला शंकरपाळी येत नाही.