बेरिंग असेल तरच सांगायचं

फोन शुभांगीचा, माझ्या भाचीचा होता. मी मंठ्यात घरी मेथी निवडत बसले होते. "आत्या, पप्पा गेले," एवढंच बोलली पोरगी. रडायच्या आधी मी दादावर चिडले. परवाच तर जालन्याहून डायलिसिस करून आल्यावर व्हिडिओ कॉलवर मला 'जाड झालीस' म्हणून चिडवलं होतं मेल्यानं... महिना होऊन गेला, तरी तो राग जात नाही.

रमेशदादा, माझा थोरला भाऊ, कुंभार पिंपळगावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. चालू मोटारीवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक ठेवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि बेरिंग अजून किती टिकेल ते सांगायचा. पण त्याचा एक हट्ट होता. बेरिंग दुकानात असेल तरच सांगायचं. नसेल तर "चालू द्या बिनघोर" म्हणून गिऱ्हाइकाला वाटेला लावायचा आणि गुपचूप जालन्याहून सामान आणून मगच खरं सांगायचा. मी हसले की म्हणायचा, "सामान द्यायचं न्हाई आन नुसती झोप उडवायची, ह्यो काय धंदा झाला का गं?"

किडनीचा आजार आम्हाला वडिलांकडून आला. किडनीत पाण्याचे फुगे धरतात आणि वाढतच जातात. आम्हा दोघांनाही ते निघाले, तेव्हा मोठ्या दवाखान्यात तपासायला रक्त दिलं. रक्तातल्या काही घटकांवरून किडनी जल्दी जाईल की सावकाश, याचा अंदाज येतो म्हणे. माझी सावकाश निघाली, दादाची जल्दी. "मंग आता थांबवायचं कसं?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, अंदाज सांगता येतो, आजार थांबवता येत नाही. परतताना एसटीत दादा चक्क हसला. "माझ्यावानीच कान लावतेत बघ. पर बेरिंग न्हाई त्यांच्यापाशी."

त्या दिवसापासून शुभांगीच्या तपासणीचं नाव काढलं की अंगावर यायचा.

"पोरीला कळायला नको का?" मी भांडायची.

"कळून काय करंल ती? आधी बेरिंग येऊ दे. तवर बिलकुल न्हाई!"

पुढं दादाची किडनी गेलीच. डायलिसिसच्या सुयांसाठी त्याच्या हातावर ऑपरेशन करून जाड केलेली नस घुमायची. तिच्यावर स्क्रू ड्रायव्हर टेकवून ऐकायचा आणि "चालू हाय गाडी" म्हणायचा. पण शुभांगीसमोर अंदाजाबद्दल ब्रसुद्धा काढला नाही. पोरगी बिनघोर आहे, एवढ्याच समाधानावर तो गेला.

मागच्या आठवड्यात दुकानात गेले. आता ते शुभांगीच चालवते. दादाचाच स्क्रू ड्रायव्हर, पिवळी मूठ त्याच्या हातानं काळी पडलेली, कानाला लावून, डोळे मिटून उभी होती. न राहवून म्हटलं, "शुभे, तुझं रक्त एकदा..."

"दिलंय आत्या. पप्पा होते तवाच." तिनं मोटार बंद केली. "माझंबी जल्दीवालंच हाय."

मी तिच्याजवळ सरकले. "अगं... आन पप्पाला?"

तिनं ती मूठ ओढणीला पुसली.

"न्हाई सांगितलं. त्यांच्यापाशी बेरिंग कुठं होती?"