झाकण ठेवा, आप्पा

सातारा स्टँडवर पुण्याची गाडी लागली तरी आईचं सांगणं संपत नव्हतं. "चटणी तेलात टाकायच्या आधी गॅस बारीक कर गं, न्हाईतर करपून कडू हुती. घेवडा आदल्या रातीच भिजत घाल." मी नोकरीसाठी जर्मनीला निघाले होते आणि हिला माझ्या आमटीची काळजी. आप्पा, माझे वडील, लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार, बॅगांजवळ ताठ उभे.

लाइपझिगच्या फ्लॅटमध्ये गॅसच नव्हता. काचेची इलेक्ट्रिक शेगडी. बंद केली तरी तिची धग जात नाही. मग चटणी, म्हणजे मसाल्याचं तिखट, टाकताना मी पातेलंच उचलून बाजूला घ्यायला लागले. भाकरीचं पीठ कढत पाण्यात मळलं की चिरा पडत नाहीत, आमटी खारट झाली तर उकडलेला बटाटा कुस्करून घालायचा, हे आई फोनवरून शिकवत राहिली. चुली बदलल्या, तिचं सांगणं चालूच.

गेल्या वर्षी ती अचानक गेली. मी आप्पांना म्हटलं, चला माझ्यासोबत.

"तिकडं मी काय करू? खिडकीत बसू व्हय?"

शेजारच्या काकूंनी डबा देऊ केला, तोही नको. जन्मभर लष्कराच्या लंगरचं नाहीतर आईच्या हातचं खाल्लेला माणूस म्हणाला, "तू सांग, मी करतो."

मग उलटंच सुरू झालं. माझी सकाळ असायची, त्यांची दुपार. ते मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवत आणि मी ऑफिसला जायच्या घाईत हुकूम सोडत राही. मोहरी तडतडू द्या. मगच जिरं. माझ्या तोंडून आईच बोलतेय असं वाटायचं आणि मी मध्येच थांबायचे.

एकदा कुरडया तळायला त्यांनी तेल ठेवलं आणि दारावर कुणी आलं म्हणून बाहेर गेले. मला पडद्यावर धूर दिसला. मी हाका मारत होते, त्यांना ऐकू जात नव्हतं. कढईतून जाळ वर आला तसे ते धावत आले आणि त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला.

"पाणी नको! आप्पा, पाणी टाकू नका! गॅस बंद करा! झाकण ठेवा वर!"

फोन आडवा पडला. मला फक्त स्वयंपाकघराचं छत दिसत होतं, त्यावर नाचणारा उजेड. मी ओरडतच राहिले. मग भांडं आदळल्याचा आवाज झाला आणि छतावरचा उजेड नाहीसा झाला.

"झाकलं," त्यांचा आवाज आला. "इझला जाळ."

"कढई हलवू नका. तशीच गार होऊ द्या."

"व्हय. बोट भाजलंय जरासं."

"गार पाण्याखाली धरा." एवढं बोलून मी खाली बसले.

पुढच्या महिन्यात रजा काढून गेले, त्यांना घेऊन यायचंच असं ठरवून. घरात पाऊल टाकलं तर शेगडीशेजारी मोठं झाकण मांडून ठेवलेलं, तव्यावर भाकरी फुगलेली. मी पुढे झाले.

"बस तू. परवासातनं आलीयास."

ते मला लागलं. माझ्याच घरात मी पाहुणी. त्यांना ते कळलं असावं, कारण थोड्या वेळानं लसणाचा गड्डा माझ्यापुढं आला. मी नखानं साल काढायला लागले.

"तसं नगं गं. पाकळी वाटीच्या बुडानं दाब आधी, साल आपसूक सुटतं."

दाबून बघितलं. सुटलं. हे आईनं मला कधी सांगितलं नव्हतं. मीही त्यांना सांगितलं नव्हतं.

"कुणी शिकवलं?"

"कुणी कशाला शिकवायला पायजे? रोज करतोय की."

त्यांना न्यायचा विषय मी काढलाच नाही. लाइपझिगला परत आल्यापासून जीव तिकडेच असतो, आणि तिकडे होते तेव्हा परतीच्या विमानात होता. घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर आता मला नीट सांगता येत नाही. एवढंच कळतं की ते माझी वाट बघत थांबलेलं नाही. तिथं रोज दुपारी कुणीतरी फोडणी घालतं, मी पडद्यावर असो वा नसो.