खंडेनवमीच्या पूजेतला वायफाय

सारी नोकरी मी तालुक्याच्या कचेरीत कारकून म्हणून काढली. माणसांना परत पाठवण्यात माझा हात कुणी धरला नसता. आधी रेशनकार्डाची झेरॉक्स आणा. आणली की तिच्यावर साहेबांची सही आणा. सही आणली की साहेब बदलले, नवी आणा. त्या सगळ्यांची हाय मला निवृत्तीनंतर लागली, तीही स्वतःच्या घरात, एका जुन्या कॉम्प्युटरसमोर.

कॉम्प्युटर मुलीचा. कॉलेजात असताना तिनं त्यात लिनक्स नावाची कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम घातली होती, फुकटची आणि सगळ्यांसाठी खुली. लग्न होऊन ती कॅनडाला गेली, कॉम्प्युटर टॉवेल पांघरून कोपऱ्यात बसला आणि ते लिनक्स आमच्याबरोबर म्हातारं झालं. त्याला उठवायची वेळ आली नातीमुळं. नात सहा महिन्यांची झाली होती आणि दसऱ्याला तिचं उष्टावण ठरलं होतं. फोनवर ती रोज दिसायची. माझी बायको फोन नाकाला लावून म्हणायची, व्हय, दिसतीय की, ग्वाड हाय. मग एक दिवस मेथी निवडता निवडता ती मला म्हणाली, "मला नुसता पांढरा ठिपका दिसतोय. पोरीला वाईट वाटंल म्हणून म्हणायचं, दिसतीय."

तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यानं पहिल्यापासून अंधूक दिसायचं. मला इतकं वाईट वाटलं की मी तिथल्या तिथं ठरवलं, उष्टावणाला हिला नात मोठ्या पडद्यावर दाखवायचीच.

इंटरनेटचा डबा वरच्या मजल्यावर, भावाकडं. वायर खाली आणायची तर स्लॅबला भोक पाडावं लागणार आणि घराला नुकताच रंग दिलेला. म्हणून बाजारातून वायफायचा अडॅप्टर आणला. अंगठ्याच्या नखाएवढी वस्तू, कॉम्प्युटरला खोचली की हवेतनं इंटरनेट ओढते म्हणे. दुकानदार म्हणाला, नुसता खोचा काका, चालतंय. खोचला. त्याच्यावरचा दिवासुद्धा लागला नाही. परत जाऊन त्याला लिनक्स म्हटलं, तर मी म्हशीसाठी चष्मा मागितल्यासारखा तो माझ्याकडं बघत राहिला.

वाचून वाचून कळलं ते असं. अडॅप्टर ओळखायला कॉम्प्युटरला ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्राम लागतो. आमच्या जुन्या लिनक्सकडं तो नाही. तो इंटरनेटवरून उतरवून कॉम्प्युटरवरच बांधून घ्यायचा. म्हणजे इंटरनेट यायला आधी इंटरनेट पाहिजे. मी एकटाच हसत सुटलो. हे तर आमच्या कचेरीचंच काम होतं.

मग रोज सकाळी चहा झाला की बैठक सुरू. फोनवर फाइल उतरवायची, तारेनं कॉम्प्युटरवर चढवायची, पडद्यावरच्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा. कॉम्प्युटर म्हणायचा, अमकी फाइल नाही. अमकी आणली की तिच्यासाठी तमकी लागते. तमकी आणली तर ती नव्या आवृत्तीची, इथं चालणार नाही, जुनी आणा. मी त्याला शिव्या घालायचो आणि आतून खूशही व्हायचो, कारण इतका खमक्या कारकून मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तोच फोन तारेनं जोडून त्याचंच इंटरनेट थेट कॉम्प्युटरला देता येतं, हे मला भावानं दिवाळीत सांगितलं. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी काळ्या खिडकीत अक्षरं धो धो वाहिली आणि एकही तक्रार न करता थांबली. ड्रायव्हर बांधून झाला होता. आता एक हुकूम देऊन तो बसवायचा आणि कॉम्प्युटर बंद-चालू करायचा, एवढंच बाकी. पण कुस्ती निकाली व्हायच्या आधी फेटा उडवायची आमच्या गावाची सवय. मी जिन्यात उभा राहून भावाला, वहिनीला, बायकोला सगळ्यांना एकदम सांगितलं की काम झालं, आपला नाद करायचा न्हाय. त्या आनंदात भेळ आणायला गेलो, आणि बाकीचं सकाळी बघू म्हटलं.

सकाळी आंघोळ करून येतोय तर बायकोनं हत्यारांची पूजा मांडलेली. विळी, कोयता, खोरं, भावाचे पाने आणि मधोमध झेंडूच्या माळेत कॉम्प्युटर. अडॅप्टर उपसून त्याला वेगळं विड्याचं पान दिलेलं. पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा.

"तुमचं काम झालंय न्हवं?" ती म्हणाली. "मग बसू दे की त्याला मानानं."

झालं नाही असं सांगायची माझी छाती झाली नाही. दिवसभर मी त्या पूजेभोवती मांजरासारखा फिरलो, येता-जाता नमस्कार केले. बायकोला वाटलं, उतारवयात का होईना, माणसाला भक्ती सुचली.

दसऱ्याला दुपारी पूजा उठली. मी हुकूम दिला, ड्रायव्हर बसला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, अडॅप्टर खोचला. दिवा नाही. तिकडं कॅनडात उजाडत आलं होतं. मला दरदरून घाम फुटला. अडॅप्टर उपसून बघतो तर त्याच्या तोंडात कुंकू गच्च बसलेलं. घरातलं सगळ्यात नवं हत्यार म्हणून हिनं त्याला सगळ्यात जास्त लावलं होतं. जुन्या टूथब्रशनं घासलं, फुंकर मारली, परत खोचलं. निळा दिवा लुकलुकायला लागला आणि मी, गुडघे दुखणारा माणूस, हॉलमध्ये चक्क गिरकी घेतली. शेजारी सोनं द्यायला दारात आले होते. त्यांनी आपट्याची पानं पुढं करायच्या आत मी त्यांना मिठी मारली.

संध्याकाळी पडद्यावर कॅमेरा चिकटवला, कॉल लागला आणि नात आली, चांगली कलिंगडाएवढी. बायको खुर्ची ओढत ओढत पडद्यापासून वीतभर अंतरावर गेली. तिकडं चांदीच्या वाटीतली खीर नातीच्या ओठाला लागली. नातीनं तोंड वाकडं केलं आणि मग हसली. मुलगी तिकडून विचारत होती, आई, दिसतंय का?

मग बायकोनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"हिच्या गालाला खळी पडती," ती म्हणाली. "मला कुणी सांगितलंच न्हाय."

ती खळी मी सहा महिने रोज बघत होतो. हिला दिसत नाही हे कळलं तेव्हाही मी उठून बाजारात पळालो होतो, शेजारी बसून नात कशी आहे ते सांगितलं नव्हतं.